ग्रीसचा टीव्ही : रेडिओचा, फौजेचा, जहाजमालकांचा, आणि एका रात्री बंद पडलेला

दर्यावर्दी

11 जून 2013. आमचं जहाज पेरामाला रिपेअरला लागलेलं. पेरामा म्हणजे पिरेयसच्या (अथेन्सचं बंदर) शेजारचा गोदीचा पट्टा, दिवसभर वेल्डिंग आणि चिपिंगचा आवाज, आणि तेव्हा तिथे मंदीमुळे निम्मे कामगार घरी बसलेले. रात्री मी आणि आमचा बत्तीसाब (जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसरला असंच म्हणतात, पोरगा दापोलीचा) गेटबाहेरच्या कफेनिओत जाऊन बसलो. कफेनिओ म्हणजे आपल्याकडची टपरी आणि कट्टा एकत्र समजा, म्हातारी माणसं एका कॉफीवर तीन तास बसतात, हातात मण्यांची माळ फिरत असते, कोपऱ्यात वर फळीवर टीव्ही.

त्या रात्री कोणी पत्ते खेळत नव्हतं, सगळे टीव्हीकडे बघत बसलेले. संध्याकाळी सरकारी प्रवक्ता येऊन सांगून गेला होता की सरकारी टीव्ही-रेडिओ कंपनी एर्ट (त्यांचं दूरदर्शन आणि आकाशवाणी एकत्र असं समजा) आज रात्रीपासून बंद. आज सांगितलं आणि आजच बंद. पडद्यावर एर्टच्याच स्टुडिओत कर्मचाऱ्यांची गर्दी, कोणी रडतंय, कोणी बोलतंय, बाहेर आवारात हजारो लोक जमलेले. मला ग्रीक कामापुरतंच येतं पण समजायला भाषा लागत नव्हती. आणि अकराच्या सुमारास वाक्य अर्धवट असताना पडदा काळा झाला.

दुकानदाराला आधी वाटलं अँटेना हलली, त्याने स्टुलावर चढून मागची वायर दाबून बघितली. मग बाकीचे चॅनेल लावून बघितले तर ते चालू. परत एर्ट, काळं. माझ्या शेजारी एक रिटायर्ड बोट बांधणारे आजोबा होते, त्यांनी माळ टेबलावर ठेवली आणि एकच शब्द बोलले, "खुन्ता". म्हणजे लष्करशाही. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं 902 लावा, 902 म्हणजे तिथल्या कम्युनिस्ट पक्षाचा चॅनेल, आणि तिथे एर्टचंच चित्र काही वेळ दिसलं, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तो शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हता. सरकारने खर्च कमी करायला कंपनी बंद केली, त्यात लष्कर कुठून आलं? नंतर जमेल तसं वाचत गेलो, तिथल्या लोकांशी बोललो, आणि कळलं की ग्रीसमध्ये टीव्हीचं बटण कोणाच्या हातात हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा आहे. त्यावर मराठीत कुठे काही वाचलं नाही म्हणून हा धागा. कोणाला माहिती असेल तर भर घाला.

अनघा_के

काका, वाचताना काटा आला. वाक्य अर्धवट असताना बंद! पण ते "खुन्ता" नीट सांगा ना. टीव्हीचा आणि लष्कराचा काय संबंध?

दर्यावर्दी

अनघा, संबंध फार जुना आहे, सुरुवातीपासून सांगतो.

ग्रीसमध्ये पहिलं टीव्हीचं चित्र दिसलं ते सप्टेंबर 1960 ला, थेस्सलोनिकीच्या आंतरराष्ट्रीय जत्रेत. आणि दाखवलं कोणी, तर सरकारी वीज कंपनीने! प्रयोग होता, जत्रेपुरता. त्यानंतर बरीच वर्षं सगळं थंड. अथेन्समध्ये नियमित प्रायोगिक प्रसारण सुरू झालं 23 फेब्रुवारी 1966 ला, सरकारी रेडिओ संस्थेकडून, टेलिफोन कंपनीच्या इमारतीतून. एलेनी किप्रेऊ या पहिल्या निवेदिका. आता पुढची तारीख बघा, 27 फेब्रुवारी 1966. चारच दिवसांनी फौजेचा स्वतःचा वेगळा टीव्ही सुरू. म्हणजे ज्या देशात आठवड्यापूर्वी एकही चॅनेल नव्हता तिथे आठवडा संपायच्या आत दोन, एक रेडिओवाल्यांचा आणि एक सैन्याचा. सैन्याला आधीपासून स्वतःचं रेडिओ स्टेशन होतंच, 1946 ते 49 च्या यादवी युद्धापासून त्यांना वाटायचं की लोकांची मनं घडवणं हेही आपलंच काम.

आणि मग जेमतेम वर्ष-सव्वा वर्षात, 21 एप्रिल 1967 ला, कर्नल लोकांनी सत्ताच ताब्यात घेतली. 1974 पर्यंत सात वर्षं. घराघरात टीव्ही सेट आले ते नेमके याच सात वर्षांत हो! म्हणजे ग्रीक माणसाच्या आठवणीतला पहिला टीव्ही हा कर्नलांच्या काळातला टीव्ही. परेड, भाषणं, उद्घाटनं, फुटबॉल आणि मालिका. फौजेच्या चॅनेलचं नाव पुढे येनेद झालं, त्यावर 1971 पासून "आग्नोस्तोस पोलेमोस" (अज्ञात युद्ध) नावाची मालिका लागायची, दुसऱ्या महायुद्धातल्या ग्रीक हेरखात्याची. ती लागली की अथेन्सचे रस्ते ओस. पेरामातले ते आजोबा सांगत होते की त्यांच्या गल्लीत एकच सेट, तो खिडकीत बाहेर तोंड करून ठेवायचे आणि लोक खुर्च्या घेऊन रस्त्यावर बसायचे. मालिका बघायला सगळे, अगदी ज्यांचा भाऊ कर्नलांनी बेटावर कैदेत टाकला होता तेसुद्धा. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला म्हणून लक्षात राहिलं.

नोव्हेंबर 1973 मध्ये अथेन्सच्या पॉलिटेक्निकमध्ये कर्नलांविरुद्ध विद्यार्थी आत ठाण मांडून बसले. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता पण लॅबमधल्या सामानातून त्यांनी रेडिओ ट्रान्समीटर जोडला, "इथे पॉलिटेक्निक, इथे पॉलिटेक्निक" असं ते सतत बोलत राहिले. बोलणाऱ्यांत मारिया दामानाकी होत्या, त्या नंतर मोठ्या राजकारणी झाल्या. 17 तारखेच्या पहाटे रणगाड्याने गेट पाडलं. आज ते दृश्य जगभर दाखवतात, ते चित्रीकरण ग्रीक टीव्हीचं नाहीच, समोरच्या हॉटेलातून एका डच कॅमेरामनने केलेलं आहे. दोन दोन चॅनेल असलेल्या देशात देशातली सगळ्यात मोठी घटना परक्या माणसाच्या कॅमेऱ्यात राहिली.

बटण कोणाच्या हातात म्हणतो ते हे. म्हणून 2013 ला पडदा काळा झाला तर ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांच्या तोंडून पहिला शब्द तोच आला.

रेडिओवेडा

जबरदस्त. एक छोटी भर. ग्रीक रेडिओची स्टेशन ट्यून मी शॉर्टवेव्हवर ऐकलेली आहे, मेंढपाळाच्या बासरीवर एक लोकगीताची धून, "मी छोटा धनगर होतो" अशा अर्थाचं गाणं आहे ते. आमच्या आकाशवाणीच्या सकाळच्या ट्यूनसारखीच अंगावर येते. रात्री खरखरीतून ती बासरी आली की कळायचं अथेन्स लागलं.

लिमासोलवासी

मी सायप्रसमध्ये असते, मिस्टर लिमासोलला शिप मॅनेजमेंटमध्ये आहेत, इथे आपली मराठी मंडळी बरीच आहेत, गणपतीही बसतो. काकांनी ग्रीस सांगितलं पण ग्रीक बोलणारा टीव्ही आधी आला तो सायप्रसला! इथे 1 ऑक्टोबर 1957 ला सुरू झाला, म्हणजे ग्रीसच्या साडेआठ वर्षं आधी. तेव्हा इथे ब्रिटिशांचं राज्य होतं आणि त्यांनीच सुरू केला, आधी फक्त निकोसिया (इथली राजधानी) भागात दिसायचा. ग्रीक, तुर्की, इंग्रजी तिन्ही भाषांत कार्यक्रम.

ब्रिटिशांनी ही घाई का केली ते लक्षात घ्या. 1955 च्या 1 एप्रिलला इथल्या ग्रीक लोकांची ब्रिटिशांविरुद्ध सशस्त्र लढाई सुरू झाली, आणि पहिल्याच रात्री ज्या ठिकाणी स्फोट झाले त्यात निकोसियाचं रेडिओ स्टेशन होतं. म्हणजे दोन्ही बाजूंना माहीत होतं की बोलणारं यंत्र कोणाकडे ते महत्त्वाचं. रेडिओ 1953 चा, टीव्ही 57 चा, आणि 1960 ला स्वातंत्र्य. स्टेशनला इथे सगळे "रिक" म्हणतात.

आणि 1974. माझ्या शेजारच्या आजी (त्या आता नव्वदीत आहेत, मी त्यांना यायाच म्हणते, म्हणजे आजी) अजून तो दिवस काल घडल्यासारखा सांगतात. 15 जुलैला सकाळी ग्रीसच्या कर्नलांच्या इशाऱ्यावर इथे बंड झालं, बंडखोरांनी रिक ताब्यात घेतलं आणि रेडिओवर सांगायला लागले की राष्ट्राध्यक्ष माकारिओस मेले. मधेमधे लष्करी बँड आणि परत तेच, मेले, मेले. आजींनी घरातल्या मारियेच्या तसबिरीपुढे दिवा लावला. आणि दुपारनंतर पाफोसच्या एका छोट्या रेडिओवरून माकारिओसचाच आवाज आला, ग्रीक सायप्रियट लोकांनो, हा आवाज तुमच्या ओळखीचा आहे. ते मागच्या बाजूने निसटले होते! आजी म्हणतात, मी रेडिओला मिठी मारली. पाच दिवसांनी तुर्कस्तानचं सैन्य उतरलं आणि बेट आजपर्यंत दोन तुकड्यांत आहे. तुर्की बोलणाऱ्यांनी तर त्याच्याही आधी, 1963 च्या डिसेंबरात दंगली झाल्या तेव्हाच, आपलं वेगळं रेडिओ स्टेशन उभं केलं होतं, बायराक म्हणतात त्याला. तीन भाषांत एकत्र बोलणारं एक घर होतं, ते तेव्हाच फुटलं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण जुनी माणसं सांगतात की आधी तुर्की कार्यक्रम ग्रीक लोकही बघायचे, गाणी सगळ्यांनाच पाठ.

मालवणचो_झील

लिमासोलवासी ताई, सुंदर लिहिलंत. एक विचारायचं होतं, तिथली बोली अथेन्सच्या ग्रीकपेक्षा वेगळी ना? मग टीव्हीवर कुठली चालते?

लिमासोलवासी

खूप वेगळी, अथेन्सच्या माणसाला पहिले दोन दिवस अर्धं कळत नाही. बातम्या प्रमाण ग्रीकमध्ये, आणि सायप्रसची बोली ती विनोदी नाटुकल्यांत, गावच्या गोष्टींत. "सायप्रियट स्केच" म्हणून प्रकार रिकवर वर्षानुवर्षं चालू आहे, रविवारी जेवणाच्या वेळेला घरात तो लागलेला असतो. तुम्हाला मालवणीचं दुःख माहीतच आहे, बोली फक्त हसवायला वापरतात याचं. पण आता नवीन मुलं गंभीर मालिकाही बोलीत करायला लागलीत, आणि आमच्या याया त्या अगदी शब्द न सोडता बघतात.

रेडिओवेडा

तांत्रिक अंगाने थोडं सांगतो, कारण त्यातही राजकारण आहे. रंगीत टीव्हीसाठी तेव्हा दोन मुख्य युरोपियन पद्धती होत्या, जर्मनीची पाल आणि फ्रान्सची सेकाम. आपण 1982 ला पाल घेतली. ग्रीसने सत्तरच्या दशकात सेकाम घेतली. लोकशाही परत आणणारे कारामानलिस पॅरिसला राहत होते आणि जुलै 1974 ला फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या विमानातून परत आले, त्यामुळे फ्रान्सशी घसट होतीच. पण लाखाहून जास्त ग्रीक कामगार होते जर्मनीत! ते सुट्टीला येताना जर्मन टीव्ही आणि व्हिडिओ उचलून आणायचे आणि घरी लावला की चित्र काळंपांढरं, कारण नुसत्या पालच्या सेटला सेकामचा रंग उलगडता येत नाही. शेवटी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ग्रीसही पालवर आला.

आणखी एक, तिथे परदेशी सिनेमे डब करत नाहीत, खाली ग्रीक अक्षरं येतात. सगळी पिढी इंग्रजी ऐकत आणि ग्रीक वाचत मोठी झाली.

अनघा_के

मग फौजेचा चॅनेल गेला कधी? लोकशाही 74 ला आली म्हणजे लगेच?

दर्यावर्दी

नाही ना, तीच तर गंमत नाही, तेच तर दुखणं. 1975 ला कायदा करून एर्ट उभी केली पण फौजेचा येनेद तसाच चालू राहिला, पार 1982 पर्यंत. समाजवादी सरकार आल्यावर तो नागरी झाला आणि नाव एर्ट-2 झालं. 1987 ला दोन्ही एका छपराखाली. 1988 च्या शेवटी थेस्सलोनिकीहून तिसरा चॅनेल, म्हणजे उत्तरेला स्वतःचा आवाज मिळाला.

पण फौज गेली तरी सरकार होतंच. जो पक्ष निवडून येईल त्याचा माणूस एर्टच्या खुर्चीत, बातम्यांची सुरुवात मंत्र्याने. लोक कंटाळले होते. मग ही मक्तेदारी फोडली कोणी, तर महापौरांनी! थेस्सलोनिकीचे महापौर सोतिरिस कुवेलास यांनी 1987-88 च्या सुमारास डिश बसवून परदेशी सॅटेलाइट चॅनेल शहराला दाखवायला सुरुवात केली, परवानगी नसताना. अथेन्सच्या महापालिकेने रेडिओ काढला. सरकार म्हणालं बेकायदा, पण लोक बघत होते, काय करणार. शेवटी 1989 ला कायदा करून खासगी टीव्हीला वाट दिली, 20 नोव्हेंबर 1989 ला मेगा आणि 31 डिसेंबरला अँटेना.

आता माझ्या धंद्याचा भाग. अँटेना काढणारे मिनोस किरियाकू कोण, तर जहाजमालक. मेगा काढली वर्तमानपत्रवाल्यांनी मिळून. स्काय ज्यांची, ते अलाफुझोस, जहाजमालक. आज मेगा ज्यांच्याकडे आहे ते मारिनाकिस, जहाजमालक आणि ऑलिंपियाकोस फुटबॉल क्लबचेही मालक. आम्ही खलाशी लोक ज्यांच्या जहाजांच्या फनेलवरची (धुराड्यावरची) अक्षरं बघत आयुष्य काढतो तीच घराणी संध्याकाळी बातम्या देतात. बत्तीसाबला हे सांगितलं तर तो म्हणाला, चीफ, म्हणजे बटण फौजेकडून कंपनीकडे आलं.

पण लोकांना मजा आली हेही खरं आहे, ते नाकारून चालणार नाही. अँटेनावर "लाम्प्सी" नावाची मालिका 1991 ते 2005 चालली, रोज. पिरेयसमधल्या चँडलरच्या (जहाजांना सामान पुरवणाऱ्याच्या) ऑफिसात संध्याकाळी सामानाची यादी द्यायला गेलो तर बाई म्हणायच्या पाच मिनिटं थांबा, लाम्प्सी संपू दे.

ताळेबंद

धागा छान आहे पण एक वेगळी बाजू मांडतो. एर्टमध्ये पैसा वाया जात होता हे नाकारता येत नाही ना? लायसन्स फी विजेच्या बिलातून कापायचे, टीव्ही असो नसो, वर्षाला 50 युरोच्या आसपास. अडीच हजारांहून जास्त कर्मचारी. देश कर्जात बुडालेला, कर्ज देणाऱ्यांनी सरकारी नोकर कमी करायचं टार्गेट दिलेलं. सरकारने काय करायला हवं होतं?

दर्यावर्दी

ताळेबंद साहेब, प्रश्न रास्त आहे आणि मी तिथे हेच लोकांच्या तोंडून ऐकलं. त्या कफेनिओतले निम्मे लोक एर्टला शिव्या देणारेच होते. वशिल्याने भरती, दुप्पट पगार, हे सगळं ते सांगायचे. पण तेच लोक त्या रात्री टाळ्या वाजवत होते. दुरुस्ती करायला जहाज डॉकमध्ये घेतात, समुद्रात मधोमध इंजिन बंद करून नाही. हे माझं चीफ इंजिनिअरचं मत आहे.

आणि त्यात पोटाला लागणारी गोष्ट म्हणजे बेटं. ग्रीसला कितीतरी लहान लहान बेटं आहेत, तुर्कस्तानच्या किनाऱ्याला खेटून, तिथे बऱ्याच ठिकाणी खासगी चॅनेल धड पोचत नव्हते, तिथला आधार म्हणजे एर्टच. शिवाय एर्टच्या वाद्यवृंदाचं आणि गायनवृंदाचं काय, तेही गेले. त्या दिवसांत मुख्यालयाच्या आवारात वादक वाजवत होते आणि लोक ऐकत उभे होते, ते मी नंतर बघितलं आणि मला ऐकवेना.

पुढचं थोडक्यात. कर्मचारी इमारत सोडून गेलेच नाहीत, आतून कार्यक्रम करत राहिले, युरोपच्या प्रसारण संघाने मदत केली म्हणून इंटरनेटवर दिसत होतं. आघाडी सरकारमधला एक पक्ष याच मुद्द्यावर बाहेर पडला. कोर्टाने सिग्नल परत द्यायला सांगितलं तर सरकारने जुलैत एक तात्पुरता चॅनेल काढून त्यावर जुने सिनेमे लावले. 7 नोव्हेंबरला पहाटे पोलिसांनी इमारत रिकामी केली. मे 2014 ला नेरिट नावाची नवी कंपनी. आणि 2015 ला सरकार बदललं आणि 11 जूनला, बरोबर दोन वर्षांनी त्याच तारखेला, एर्ट परत सुरू. फी कमी करून महिन्याला 3 युरो.

लिमासोलवासी

ताळेबंद, मी भर घालते. 2013 च्याच मार्चमध्ये इथे सायप्रसच्या बँका बंद होत्या, आम्ही एटीएमच्या रांगेत उभे होतो. त्यानंतर तीनच महिन्यांनी अथेन्सचा टीव्ही काळा झाला. यायांची बहीण मेलबर्नला आहे, तिला सॅटेलाइटवरून एर्ट दिसायचं, ती फोन करून विचारत होती की ग्रीसला काय झालं, युद्ध झालं का. परदेशातल्या म्हाताऱ्या माणसांना रोज संध्याकाळी आपली भाषा घरात ऐकू येणं याची किंमत फीच्या आकड्यात येत नाही हो. आपण परदेशात राहणारे मराठी हे नीट समजू शकतो.

ताळेबंद

मान्य. बेटांचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

मालवणचो_झील

आणि त्या खासगी चॅनेलना लायसन्स तरी होतं का?

दर्यावर्दी

वर्षानुवर्षं तात्पुरत्या परवान्यांवरच चालली सगळी. म्हणून 2016 ला सरकारने चार परवान्यांचा लिलाव केला, ऑगस्टच्या शेवटी. बोली लावणाऱ्यांना सरकारी इमारतीत एकेका खोलीत ठेवलं, फोन नाही, बाहेर जायचं नाही, झोपायला पलंग आत. जवळजवळ तीन दिवस हे चाललं. 24 कोटी 60 लाख युरो जमले. आणि ऑक्टोबरात सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सगळं घटनाबाह्य ठरवून रद्द केलं, कारण परवाने देणं हे स्वतंत्र प्रसारण मंडळाचं काम, मंत्र्याचं नाही. 2018 ला मंडळानेच परवाने दिले, 3 कोटी 50 लाख युरोला एक. पण मेगाला तोपर्यंत कर्जाने घेरलं होतं, ऑक्टोबर 2018 ला तो बंद झाला, मग नवीन मालकाकडे जाऊन फेब्रुवारी 2020 ला परत आला.

अनघा_के

काका, तो कफेनिओवाला परत भेटला का?

दर्यावर्दी

भेटला. 2015 च्या ऑक्टोबरात दुसऱ्या जहाजाने परत पेरामाला लागलो. टीव्ही नवीन होता, फळी तीच. बोट बांधणारे आजोबा नव्हते, वसंतात गेले म्हणाला. मी कॉफी मागितली, त्याने मला ओळखलं, बत्तीसाब कुठे म्हणून विचारलं. मग रिमोट उचलून एर्ट लावलं, आवाज वाढवला, आणि आजोबांच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाला, तिथेच बस, तिथून नीट दिसतं.